लाइक कमी झाले म्हणून लिहिणं थांबवू का?

ताई, नमस्कार. मी ऐरोलीला दिवा कोळीवाड्यात राहते, माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन इकडे आले. महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या वर्षीपासून फेसबुकवर मराठीत लिहिते. सासूबाईंकडून शिकलेल्या निवट्यांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या छोट्या माशांच्या, कालवणावर लिहिलं ते खूप फिरलं, लोकांनी माझं नाव काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं, माझ्याच नणंदेने मला फॉरवर्ड केलं. त्यानंतर हुरूप आला आणि रोज लिहायला लागले, खाडी, फ्लेमिंगो, जुनं गाव असं, पण लाइक कमी कमी होत गेले. मधे जाऊबाईंशी झालेल्या भांडणावर लिहिलं, नाव नव्हतं घेतलं, त्याला सगळ्यात जास्त प्रतिसाद आला पण घरात कळलं आणि तेव्हापासून जाऊबाई नीट बोलत नाहीत. फ्लेमिंगो सैबेरियातून येतात असं लिहिलं तर एकाने सगळ्यांसमोर चूक काढली. दुसऱ्याने लिहिलं आधी शुद्ध मराठी शिका. आता रात्री मुलं झोपली की फोन घेऊन बसते, काही सुचत नाही, कोणी लाइक केलं का तेच बघत राहते. मैत्रीण म्हणते एआयकडून लिहून घे पण रोज पोस्ट पडली पाहिजे, नाहीतर लोक विसरतात. नवरा म्हणतो सोड, कशाला डोक्याला ताप. सोबत तीन पोस्ट पाठवतेय. थांबवू का?
– दिव्याची सून

थांबवू नकोस गं. रोज लिहिणं मात्र थांबव, आणि ते आजपासूनच.

तू बऱ्याच तक्रारी लिहिल्यास, लाइक, जाऊबाई, चूक काढणारा, शुद्ध मराठीवाला, नाव काढून फिरवणारे, पण मला त्या सगळ्यांच्या खाली एकच गोष्ट दिसतेय. काय लिहायचं हे ठरवायचं काम तुझ्या हातात राहिलेलं नाही. कालवण चाललं म्हणून रोज लिहायला लागलीस, खाडीवरचं चाललं नाही म्हणून खाडीवरून मन उडालं, भांडण चाललं म्हणून आता कुठेतरी मनात येतच असणार की घरातलंच लिहावं का, आणि मैत्रीण म्हणते म्हणून रोजचा रतीब. यात तुला स्वतःला काय सांगायचंय ते कुठेच येत नाही. हे तुझं एकटीचं नाही, ऑनलाइन नियमित लिहायला लागलेल्या खूप जणांचं पहिल्या वर्षात असंच होतं. मी बरीच वर्षं लिहितेय आणि लिहिणाऱ्यांना बघतेय, त्यातले जे टिकले त्यांनी विषय स्वतःकडे ठेवला, आणि आकड्यांच्या मागे गेलेले बरेचसे दमून गप्प झाले, त्यात चांगलं लिहिणारेही होते याचं वाईट वाटतं.

आधी लाइकचं बघू. तुझी पोस्ट तुझ्या यादीतल्या सगळ्यांना दिसते असं तू धरून चालली असशील, तसं नसतं. कोणाला दाखवायची आणि किती वर दाखवायची हे फेसबुकची सिस्टिम ठरवते, लोक कशावर थांबतात, काय शेअर करतात, कुठे वाद घालतात हे बघून. भांडणाची पोस्ट आली की माणूस थांबतो, स्वतःच्या जावेचं सांगतो, मैत्रिणीला टॅग करतो, मग ती आणखी लोकांना दिसते. खाडीवरची पोस्ट माणूस निवांत वाचतो आणि पुढे जातो. त्याला ती आवडली नाही असं यातून निघत नाही. शिवाय आपल्या आई-काकूंच्या वयाचे कितीतरी लोक नेमाने वाचतात पण कधीच लाइक करत नाहीत, आणि मग सहा महिन्यांनी कुठल्यातरी हळदीला भेटले की म्हणतात, तू ते चिंबोऱ्यांवर लिहिलं होतंस ना, आमच्या आईची आठवण आली. हा माणूस तुझ्या आकड्यात कुठेच नसतो. म्हणून नोटिफिकेशन बंद कर, पोस्ट टाकली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघ, कोणी खरंच काही विचारलं असेल तर उत्तर दे आणि विषय संपला. एक गोष्ट मात्र जपून ठेव, कोणी नवीन माहिती दिली असेल तर, म्हणजे आमच्या सारसोळ्याला या जाळ्याला वेगळं नाव आहे किंवा माझे आजोबा अमक्या बंदरावर मीठ चढवायचे असं कोणी लिहिलं तर ते वहीत उतरवून घे. पुढच्या लिखाणाला त्याचा उपयोग होतो, लाइकचा होत नाही.

आता किती वेळा लिहायचं. याचं उत्तर तुझ्या दारातच आहे. सासूबाईंना विचार उधाण काय आणि भांग काय, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्या सुमाराला भरतीचं पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला मागेही लांब जातं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, तो भांग. म्हणजे महिन्यात दोन उधाणं, दोन भांग आणि मधे साधारण आठवड्याचं अंतर. तू खाडीवर लिहितेस ना, मग खाडीच्याच वेळापत्रकाने लिही की! अमावस्येला एक, अष्टमीला एक, पौर्णिमेला एक, पुढच्या अष्टमीला एक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथ्या असतातच. महिन्याला चार लेख होतात आणि नोकरी, घर, मुलं सांभाळून ते जमण्यासारखं आहे.

आणि यात विषय शोधत बसावं लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उधाणाच्या ओहोटीला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो तेव्हा तिथे कोण उतरतं, पक्षी कुठे चरतात, हाताला काय लागतं. भांगात बाजारातल्या टोपलीत काय कमी होतं, भाव काय होतो, सासूबाई त्या दिवशी काय शिजवतात. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला तर काय होतं, त्यासाठी नवी मुंबईत, हे शहर वसवणाऱ्या सिडकोने, धारण तलाव बांधलेत, भरती असताना पावसाचं पाणी तिथे थांबतं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडलं जातं. रोज त्या तलावांच्या बाजूने जॉगिंग करणाऱ्या कितीतरी लोकांना ते तलाव कशासाठी आहेत हे माहीत नसतं. बघ, हे सगळं तुझ्या घरापासून बसच्या अंतरावर आहे. एकाच जागेवर परत परत लिहिलं तर तोचतोपणा येईल अशी भीती वाटते, पण होतं उलटंच. पहिल्या दोन-तीन लेखांत आपण सगळ्यांना माहीत असलेलंच लिहितो, ते एकदा संपलं की नंतर बघायला सुरुवात होते. विषय रोज बदलत राहिलीस तर तू कायम त्या पहिल्या दोन-तीन लेखांतच अडकून राहशील.

तुझ्या तीन पोस्टबद्दल स्पष्ट सांगते. फ्लेमिंगोच्या पोस्टमध्ये निसर्गाची किमया, गुलाबी गालिचा, डोळ्यांचं पारणं हे सगळं आलंय, ते तू बघितलेलं नाहीये, कुठेतरी वाचलेलं आहे. जुन्या गावावरच्या पोस्टमध्ये सिडको, जमिनी गेल्या, गावठाण, नवीन टॉवर, विमानतळ, मुलांच्या नोकऱ्या, भाषा हरवतेय असं सगळं एकाच पोस्टमध्ये कोंबलंयस. त्यातला एकेक मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या हे एका वाक्यात उरकायचं काम नाही. तुझ्या सासऱ्यांची जमीन कुठे होती, तिथे आज काय आहे, तिथे भात व्हायचा का मिठागर होतं, एवढंच लिहिलंस तरी पुरे. आणि कालवणाच्या पोस्टमध्ये एक ओळ आहे, निवटीचे डोळे डोक्यावर असतात म्हणून ती चिखलात असली तरी आपल्याकडे बघत असते असं सासूबाई सांगतात. ही ओळ सोन्याची आहे. ती पोस्ट फिरली ती पाककृतीमुळे फिरली असं तुला वाटतंय, मला वाटतं या ओळीमुळे फिरली, कारण ते कोणीतरी प्रत्यक्ष चिखलात उतरून बघितलेलं आहे. अशी ओळ रोज मिळत नाही, म्हणून रोज लिहू नकोस म्हणतेय.

एका वेळी एकच मुद्दा घ्यायचा ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि पंचविशीत असताना, १८४८ मध्ये, मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात लोकहितवादी या नावाने त्यांनी पत्रं लिहायला घेतली, ती १८५० पर्यंत चालली आणि मिळून १०८ झाली. पत्रं आकाराने छोटी, विषय नेमका, सांगणं थेट. नोकरी करून, ठरलेल्या गतीने, ज्याची कळकळ आहे त्याच विषयांवर लिहीत राहिलं की किती मोठं काम उभं राहतं ते यात दिसतं, आणि त्या पत्रांवर तेव्हा लोक चिडलेही होते हे पण लक्षात ठेव.

लिहायचं कसं ते सांगते, कारण तुझा अर्धा थकवा रात्री कोरी स्क्रीन समोर घेऊन बसण्याचा आहे. लिखाण रात्री सुरू करू नकोस. दिवसभरात जिथे काही दिसलं, ऐकलं, तिथेच फोनमध्ये बोलून टिपून ठेव, महापेला जाताना एनएमएमटीच्या बसमध्ये उभ्या-उभ्या टाइप करता येत नाही पण बोलता येतं. टिपताना तीन गोष्टी बघ, काय दिसलं, कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, आणि एखादी मोजता येणारी गोष्ट, भाव, वेळ, अंतर, काहीही. बोलून टाइप केलं की फोन शब्द बदलतो, कोळीवाड्यातले शब्द तर हमखास बदलतो, म्हणून त्याच दिवशी एकदा तपास, नाहीतर आठवड्याने स्वतःचंच टिपण कळत नाही. तिथीच्या दोन दिवस आधी बसून लेख लिही आणि लगेच टाकू नकोस, एक रात्र राहू दे. सकाळी मोठ्याने वाच. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य चुकलेलं असतं, जिथे तुला स्वतःला कंटाळा येतो तिथे वाचणाऱ्याला आधीच आलेला असतो. आणि पहिला पॅरा झाकून बघ, त्याच्याशिवाय लेख उभा राहतो का, बऱ्याचदा राहतो, कारण पहिला पॅरा आपण स्वतःला लिहायला तयार करण्यासाठी लिहिलेला असतो. फोनवर सुरुवातीच्या थोड्या ओळी दिसतात आणि मग 'आणखी पहा' येतं, त्या ओळींत सुप्रभात आणि निसर्गाची किमया गेली तर पुढचं कोण उघडणार.

अजून एक, दोन लेख कायम तयार ठेव. तू अकाउंट्सची आहेस, मार्च एंडला किंवा वीस तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या गडबडीत तुझ्याकडून लिहून होणार नाही हे आत्ताच माहीत आहे. तेव्हा त्यातला एक टाकायचा. आणि एखादी तिथी चुकलीच तर माफी मागणारी पोस्ट टाकू नकोस, पुढच्या तिथीला लिही. रोज पोस्ट पडली नाही तर लोक विसरतात हे मैत्रिणीचं म्हणणं मला पटत नाही, कंटाळवाणं काही रोज आलं तर लोक अनफॉलो करतात, चांगलं काही आठवड्याने आलं तर वाट बघतात.

सैबेरियाची गोष्ट घे. हिवाळ्यात येणारा प्रत्येक पक्षी सैबेरियाचाच असं आपल्याकडे सर्रास धरतात, त्यात तू एकटी नाहीस. आपल्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं नातं गुजरातशी आहे, कच्छच्या रणात त्यांची मोठी वीण होते. तो गुलाबी रंगही जन्माचा नसतो, पिल्लं राखाडी असतात आणि खाण्यातल्या शेवाळातून, बारीक जिवांतून रंग येतो. ज्याने चूक काढली त्याचा सूर कसाही असू दे, त्याने तुला फुकटात बरोबर माहिती दिली. त्याचे आभार मान, पोस्ट डिलीट करू नकोस, वर 'दुरुस्ती' असं लिहून बरोबर काय ते टाक आणि कोणी सांगितलं तेही टाक. असं करणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास वाढतो, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि यापुढे सवय लाव, जे स्वतः बघितलेलं नाही ते एका तरी भरवशाच्या जागी तपासायचं. तुला जागा जवळ आहेत. ऐरोलीतच किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे पक्ष्यांचं विचार. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, एखाद्या शनिवारी ट्रेन पकडून जा. ठाणा जिल्ह्याचं १८८२ सालचं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, इंग्रजीत आहे पण नेटवर वाचायला मिळतं, त्यात मिठागरं, मासे, बंदरं, गावं असं भरपूर आहे, तुझ्या गावाच्या आजूबाजूची नावं त्यात शोधून बघ, एक संध्याकाळ कशी गेली कळणार नाही. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, अशी सालं लिहिताना पण तपासूनच लिहायची.

शुद्ध मराठीवाल्याचं दोन भागांत बघ. टायपिंगच्या चुका असतील, ऱ्हस्व-दीर्घ गडबडलं असेल तर सुधार, त्यात कमीपणा नाही. पण पाग, डोल, निवटी, चिंबोरी, उधाण, भांग हे शब्द म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे, ते या खाडीचं मराठी आहे आणि ते तुझ्या लिखाणातून काढायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस. तू साताऱ्याची आहेस म्हणून तुला हे शब्द नवीन म्हणून ऐकू येतात, जन्मापासून ऐकणाऱ्यांना ते वेगळे वाटतही नाहीत, तुझा हा फायदा आहे. वाचणाऱ्याला कळावं म्हणून वाक्यातच उलगडून सांग, पाग म्हणजे हाताने गोल फेकायचं जाळं, एवढं पुरतं. आणि जो शिव्या देतो त्याला उत्तर न देता ब्लॉक कर.

आता जाऊबाई. ती पोस्ट आजच काढून टाक. नाव नव्हतं घेतलं याला काही अर्थ नाही गं, अख्ख्या कोळीवाड्याला माहीत आहे तुझी जाऊ कोण ते. तिला वाईट वाटलं ते भांडणापेक्षा या गोष्टीचं जास्त वाटलं असणार की तिची बाजू ऐकून न घेता अनोळखी लोकांनी तिला नावं ठेवली आणि तिला तिथे बोलायची सोयच नव्हती. काढल्यावर समोर जाऊन सांग की काढली, चुकलं माझं, बाकी स्पष्टीकरण देत बसू नकोस. फोनवर मेसेज करून तर नकोच. ती लगेच मोकळी होईल असं नाही, वेळ लागेल.

आणि यापुढे ज्या माणसाबद्दल लिहायचं तो जिवंत आहे, जवळचा आहे, तर आधी त्याला वाचून दाखवायचं. सासूबाईंना पण, त्यांची ओळ वापरलीस तेव्हा विचारलं होतंस का? मला वाटतं त्यांना आवडेलच, वर चार चुका काढतील त्या वेगळ्या. बाजारात मासळी विकणाऱ्या बाईचा फोटो काढताना विचार, त्या बाईचा दिवस तुझ्या पोस्टसाठी उभा राहिलेला नाहीये. मुलांचे चेहरे टाकू नकोस. खाडीत कोणी डेब्रिज टाकतंय, तिवरं तोडतंय असं दिसलं तर जरूर लिही, खारफुटीत भराव टाकणं बेकायदाच आहे, पण फोटो, तारीख, जागा एवढंच टाक आणि तक्रार कर, पुराव्याशिवाय अमक्या बिल्डरने केलं असं लिहू नकोस. भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कलम ३५६ आहे आणि नाव न घेता लिहिलं पण माणूस ओळखू येत असेल तरी ते अंगाशी येऊ शकतं.

नाव काढून फिरवणाऱ्यांचा राग येणं अगदी बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू लिहिलंस त्या क्षणीच त्या लिखाणावर तुझा हक्क तयार झाला, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हे माझं आहे असं सांगण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलाय. निवट्यांचं कालवण करायची पद्धत कोणाच्या मालकीची नाही, तू ज्या शब्दांत सांगितलंस ते शब्द तुझे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पहिल्यांदा नाव उडवलं ते शोधणं मात्र अवघड आहे, त्यात जीव घालवू नकोस. नाव शेवटी लिहिलेलं पटकन उडतं, म्हणून स्वतःला लेखाच्या मधेच आण, दिव्याला सून म्हणून आले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, असं काहीतरी, ते काढायचं तर वाक्यच मोडावं लागतं. एखाद्या पेजने उचललेलं दिसलं तर सरळ मेसेज कर की हे माझं आहे, नाव टाका किंवा काढा, बरेच जण नाव टाकतात, नाही टाकलं तर रिपोर्ट कर. आणि तू पण गूगलवरून उचललेला फ्लेमिंगोचा फोटो टाकलायस, तो कोणीतरी तासन्‌तास बसून काढलेला आहे, तो पोस्टमधून काढून टाक आणि स्वतःचा लाव, लांबचा, धूसर आला तरी चालेल.

एआयचं थोडक्यात. शुद्धलेखन तपासायला, एखादा इंग्रजी उतारा समजून घ्यायला वापर, माझी हरकत नाही. लेख लिहून घेऊ नकोस. तुझ्या सासूबाई चिखलात उभ्या राहून काय म्हणाल्या ते त्याला माहीत नाही, तो तुला गुलाबी गालिचा आणि निसर्गाची किमयाच देणार, आणि ती तुझ्याकडे आधीच जास्त आहे.

आणखी एक काम आहे जे लोक टाळतात. तुझं सगळं लिखाण फेसबुकवर पडून आहे, म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं सामान आहे ते, मालकाने घर बंद केलं की गेलं. फेसबुकसारखंच असलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, तिथे मराठीत चांगलं लिहिणारे होते आणि कितीतरी जणांनी काहीच उतरवून ठेवलं नव्हतं. फेसबुकच्या सेटिंगमध्ये स्वतःची सगळी माहिती डाउनलोड करायची सोय आहे, या रविवारी ते कर. यापुढे आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिही, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर उघडेल, मग तिकडे पेस्ट कर. फाइलच्या नावात तारीख आणि तिथी टाक, फोटोच्या नावात जागा टाक. एका वर्षात तुझ्याकडे पन्नासच्या आसपास लेख होतील, एकाच खाडीचे, वर्षभराच्या भरती-ओहोटीचे, सासूबाईंच्या शब्दांसकट. माझ्या माहितीत असं कोणी लिहीत नाहीये आणि मला ते वाचायचंय, हे मी मनापासून सांगतेय.

नवऱ्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. त्याला तुझं लिखाण नकोय असं पत्रावरून वाटत नाही, मुलं झोपल्यावर तू फोनमध्ये तोंड घालून अस्वस्थ बसलेली त्याला दिसतेस आणि ते त्याला नकोय. त्याला सांग की लिहिणं चालू राहील, रात्रीचं बघत बसणं बंद. दहा वाजता फोन बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला लाव, अलार्मसाठी साधं घड्याळ आण, आणि तिथीच्या दोन दिवस आधीचा जो तास लिहायचा आहे त्या तासाला मुलांकडे तो बघेल असं आत्ताच त्याच्याकडून कबूल करून घे.